शिळेची तिसरी ओळ

कार्डिफ, ६ मार्च २०२३

आदरणीय मास्तर,
सादर नमस्कार.

मी हेलेद रीस. इडवल रीसची मुलगी, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसणारी. नर्सिंगला प्रवेश मिळाला तो तुमच्या शिफारसपत्रामुळे, तेव्हा तुम्ही मला विसरला नसाल. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आहे, पण अजून वॉर्डात उभी राहते. तुम्ही ईमेल वापरत नाही असं टेगवेननं सांगितलं, म्हणून हे पत्र. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करा.

टेगवेन म्हणजे माझी मावसबहीण, गावातलं टपालाचं दुकान चालवते ती. तिनं मला फोनवर एक पान पाठवलं. आपल्या चर्चमधल्या जुन्या शिळांची विद्यापीठानं नोंद केली आहे. बोट फिरवलं की शिळा फिरते, अगदी पाठीमागची बाजूसुद्धा दिसते. आपली ती मोठी शिळा, दाराजवळची, दीड हजार वर्षांपूर्वीची, मी कितीतरी वेळ फिरवत बसले. बाबा गवत कापायचे तेव्हा मी तिच्यावर पाठ टेकून डबा खायची. पहिल्या दोन ओळी दिसतात: इथे सेनोवारा पहुडली आहे, कातामानची बायको. त्याखाली गुळगुळीत.

आणि चित्राखाली लिहिलंय: 'तिसरी ओळ नष्ट. १९७३ मध्ये चर्चचा कामगार इडवल रीस याने ॲसिडने धुतल्यामुळे. आधार: चर्च समितीचे इतिवृत्त. लेखन: एम. प्रिदेर्ख, सचिव.'

मास्तर, हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. झालं ते झालं. पण हा अजून मसुदा आहे, गावकऱ्यांनी मेअखेरपर्यंत सूचना कराव्यात असं तिथं लिहिलंय. नाव तेवढं काढता येईल का? 'एका कामगाराने' लिहिलं तरी पुरे. माझी नात नऊ वर्षांची आहे. दिवसभर त्या फोनवर काहीतरी शोधत असते. पणजोबांचं नाव टाकलं की पहिलं हेच येतं.

गावात प्रत्येकाला धंद्यावरून नाव होतं, तुम्हाला आठवत असेल. जोन्स दूध, विल्यम खिळे. बाबा घंटा वाजवायचे म्हणून इडवल घंटा. त्यानंतर ते इडवल ॲसिड झाले, आणि मी ॲसिडची पोर. पन्नास वर्षांत ते सगळं विझलं होतं. आता ते जगात कुठंही वाचता येईल.

तुम्ही शब्द टाकलात तर विद्यापीठाच्या नोंद करणाऱ्या बाई ऐकतील. तुमचं सगळेच ऐकतात.

तुमची विद्यार्थिनी,
हेलेद


लानगविन, मोन बेट, १४ मार्च

चि. हेलेद हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, घाईतलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका सापडल्या, त्या माफ.

काळजी करू नकोस. नोंद करणारी मुलगी माब्ली, भली पोर आहे. आठवडाभर ती चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून होती. दिवा अगदी जमिनीलगत धरायचा, म्हणजे उथळातला उथळ चरा सावली टाकतो, आणि मग एकेका शिळेचे तीनतीनशे फोटो. ते संगणकात शिवून त्याचं चित्र करतात. थर्मासमधला चहा पीत ती मला म्हणाली, 'मास्तर, तुमची पुस्तिका नसती तर मला या दगडांचं काहीच कळलं नसतं.' म्हाताऱ्याला असं कुणी म्हणत नाही हल्ली.

तिच्याशी बोलतो. नाव काढायला हरकत नसावी. तुझ्या वडिलांचा हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. माणूस कष्टाळू होता. साफसफाई करताना हात जरा जास्त चालला, एवढंच. गावानं त्याला फार बोल लावला.

आई कशी आहे? लानगेव्हनीच्या वृद्धाश्रमात आहे असं ऐकलं. जायचं जायचं म्हणतो, पण बस बदलावी लागते आणि माझी कंबर.

तुझा मास्तर,
मेरिग प्रिदेर्ख


कार्डिफ, २२ मार्च

आदरणीय मास्तर,

तुमचं पत्र ड्युटीवरून आल्यावर वाचलं आणि बूट न काढताच रडले. हात जरा जास्त चालला. इतक्या सरळपणे बाबांबद्दल कुणी बोललंच नव्हतं. घरात तर तो विषयच नव्हता.

म्हणून तुम्हाला एक सांगते, जे कुणालाच सांगितलेलं नाही. मी चौदा वर्षांची होते. चर्चचं घर सोडून आम्ही किनाऱ्यावरच्या कॅरव्हानच्या वसाहतीत राहत होतो, बाबा तिथले संडास धुवायचे. एकदा संध्याकाळी हात धुता धुता त्यांनी विचारलं, 'हेलेद, तुला काय वाटतं? मी केलं असेल ते?'

मी म्हणाले, 'सगळे तसंच म्हणतात.'

त्यांनी टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं आणि म्हणाले, 'बरं.' पुन्हा कधी विचारलं नाही. ते एक्क्याण्णव साली गेले तेव्हा मी रात्रपाळीला होते, पोचले नाही. खरं सांगायचं तर सुट्टी मागितलीच नव्हती.

त्यांनी केलंच होतं, मग विचारलं का, याचा मला कित्येक वर्षं राग होता. आता वाटतं, चूक करणाऱ्या माणसालाही कुणीतरी एकदा 'नाही हो बाबा' म्हणावं असं वाटत असेल. तुम्ही निदान तेव्हा त्यांची बाजू घेत होतात.

सोबत मनुकांचा पाव पाठवतेय, आईच्या पद्धतीचा. चहात मनुका रात्रभर भिजवल्यात. लोणी लावून खा.

हेलेद


लानगविन, १९ एप्रिल

हेलेद,

पाव आला. कापलेला नाही. चार आठवडे तो कागदासकट फडताळात आहे. तो कापायच्या आधी तुला एक गोष्ट सांगायला हवी, आणि सांगितल्यावर तो माझ्या घशाखाली उतरेल असं वाटत नाही.

शिळा मी धुतली.

हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. आता पुढचं लिहितो, नाहीतर पुन्हा थांबेन.

त्र्याहत्तरचा मे महिना. शनिवारी बाहेरून एक प्राध्यापक शिळा बघायला यायचे होते आणि मी माझी पुस्तिका लिहीत होतो. तिसऱ्या ओळीवर दगडफूल चढलं होतं, अर्धी अक्षरं दिसत नव्हती. मला त्या ओळीचा स्वच्छ फोटो हवा होता. प्राध्यापकांच्या आधी ती ओळ मी वाचलेली असावी असं वाटत होतं. बुधवारी शाळा सुटल्यावर मी शाळेच्या कपाटातली ॲसिडची बाटली आणि तारेचा ब्रश घेऊन गेलो. शिळा चुनखडीची आहे. तुमच्याच वर्गात मी खडूवर व्हिनेगर टाकून फेस दाखवला होता. तुम्ही सगळे ओरडला होतात. मला माहीत होतं, हेलेद. वाटलं, थोडंसंच, पाणी घालून, पटकन. फेस आला. मी घासलं. फेस खाली गेला तेव्हा त्याच्याबरोबर अक्षरंही गेली होती. पंधरा मिनिटं लागली असतील.

पाण्यासाठी बादली घेतली होती ती इडवलची. देवडीत ठेवलेली असायची. घाबरून मी ती आणि ब्रश तिथंच टाकून घरी आलो. गुरुवारी सकाळी इडवल बादली उचलायला वाकला आणि त्याच वेळी गोमर पॅरी आत आले. धान्याचे व्यापारी, समितीचे अध्यक्ष. त्यांनी शिळा पाहिली, बादली पाहिली, ब्रश पाहिला, इडवलला पाहिलं.

शुक्रवारी सभा. मी सचिव, वही माझ्यापुढे. पॅरींनी विचारलं, 'ही बादली कुणाची?'

मी म्हणालो, 'इडवलची.'

एवढंच बोललो. पन्नास वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं काहीच बोललो नाही, बादली इडवलचीच होती.

इडवल टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, 'बादली माझी आहे. काम माझं नाही.'

पॅरी म्हणाले, 'मग कुणाचं? सेनोवाराबाईंनी उठून धुतली का?'

सगळे हसले. मीही हसलो. इडवल माझ्याकडे बघत राहिला. मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागलो: 'इडवल रीस यांच्या निष्काळजीपणामुळे शिळेची हानी झाली, असे समितीस आढळून आले.' त्याला घर सोडायला तीन आठवडे द्यावेत असं समितीला वाटलं, तेही मीच लिहिलं.

तुझ्या वडिलांची बाजू मी कधी घेतलीच नव्हती. मागच्या पत्रात 'तेव्हाही म्हणत होतो' असं लिहिलं ते खोटं होतं. ते मी सवयीनं लिहिलं. तुला शाळेनंतर गणित शिकवलं, पुस्तकं दिली, शिफारसपत्रं लिहिली, आणि दर वेळी घरी येऊन वाटायचं की थोडं फिटलं.

अजून एक आहे. ॲसिड घालायच्या आधी मी शिळेवर पातळ कागद लावून काळ्या मेणाचा ठसा घेतला होता. तिसरी ओळ त्याच्यावर आहे, पूर्ण नाही पण वाचता येईल इतकी. कोपऱ्यात मी तारीख घातली होती, सवयीनं. ती तारीख सांगते की त्या दिवशी शिळेपाशी कोण होतं. म्हणून पन्नास वर्षं तो कागद माझ्या बायकोच्या चादरींखाली आहे. त्या ओळीवर किती लोकांनी किती तर्क केले, माझ्या पुस्तिकेतही अर्धं पान तर्क आहेत. आणि मी रोज त्या कपाटातून टॉवेल काढतो.

तुझ्या पत्रानंतर मी माब्लीकडे गेलो होतो. नाव काढ म्हणालो. ती म्हणाली, 'काढते की मास्तर, पण केलेला प्रत्येक बदल मागे दिसतो, आणि कारण लिहावं लागतं.' तिनं संगणक माझ्याकडे वळवला. तिथं एक रिकामा चौकोन होता, 'बदलाचे कारण'. मी लिहिलं, 'कुटुंबाच्या विनंतीवरून'. पुन्हा तेच केलं बघ. आणि घरी आलो तर दारात तुझा पाव.

माफी मागायची माझी हिंमत नाही. तू काय सांगशील ते करीन.

मेरिग प्रिदेर्ख


कार्डिफ, २५ मे

मास्तर,

पाच आठवडे मी उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली. पहिलं पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून पडला असता, आणि मी नर्स आहे.

मध्ये मी मोनला येऊन गेले. तुमच्या गल्लीतून गेले, तुमच्या खिडकीत दिवा होता, आत आले नाही. बाबांच्या थडग्यापाशी उभी राहिले. चौदाव्या वर्षी जे म्हणायला हवं होतं ते तिथं म्हणाले. पाऊस होता, छत्री टेगवेनकडे विसरले होते. मेलेल्या माणसाला ते ऐकू जातं असं मी तरी माझ्या नोकरीत कुठं पाहिलेलं नाही.

तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? घर, नोकरी, ते सोडा. मला तुम्ही बापाविरुद्ध साक्षीदार केलंत. मी सगळ्यांसारखीच त्यांच्याकडे बघत होते. कॅरव्हानच्या वसाहतीतून शाळेत जाताना मी त्यांच्या पुढे दहा पावलं चालायची. आणि शाळेत कोण भेटायचं? तुम्ही. हसून, पुस्तक घेऊन. मी मनात म्हणायची, माझे बाबा मास्तरांसारखे का नाहीत.

तुमची लाज तुम्ही चादरींखाली घडी करून ठेवलीत. माझी मी अंगावर घालून हिंडले.

माफी मागितली नाहीत ते बरं केलंत. माझ्याकडे सध्या शिल्लक नाही. तुम्ही विचारलंत काय करू, तर हे करा. त्या चौकोनात खरं कारण लिहा. कागद त्या मुलीला द्या. आणि गावात सांगा, तुमच्या तोंडानं, उभं राहून.

पाव फेकून द्या. बुरशी आली असेल.

हेलेद रीस


लानगविन, १३ जून

हेलेद,

सांगितलंस तसं केलं.

कागद माब्लीला दिला. तिनं तो टेबलावर पसरला, भिंग घेतलं आणि बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, 'जगली वर्षे सव्वीस.' ती तिसरी ओळ. सेनोवारा सव्वीस वर्षांची होती. माब्लीच्या डोळ्यांत आनंद आला आणि लगेच तिनं तो आवरला, माझ्यासमोर कसा दाखवायचा म्हणून. तिनं विचारलं, 'तुमच्याकडे हे पहिल्यापासून होतं?' मी हो म्हणालो. त्यानंतर ती मला मास्तर म्हणाली नाही. मिस्टर प्रिदेर्ख म्हणते.

नोंद बदलली. 'तिसरी ओळ मेरिग प्रिदेर्ख याने ॲसिडने नष्ट केली. इडवल रीस यांच्यावरील ठपका खोटा होता.' कारणाच्या चौकोनात मी लिहिलं, 'खोटे मी लिहिले होते.'

मग दहा तारखेचा शनिवार. दुपारी गावच्या सभागृहात माब्लीनं पडद्यावर शिळा दाखवल्या. चाळीसएक माणसं होती. चहाच्या आधी मी उठलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बादली, ब्रश, वही, कागद. खुर्चीची पाठ धरली होती.

संपल्यावर मी खाली बसलो. आणि मग हेलेद, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक जण म्हणाला, 'वा मास्तर! या वयात हे बोलायला छाती लागते.' दुसरा म्हणाला, 'अहो, त्या काळी सगळेच दगड घासायचे.' समितीच्या आताच्या अध्यक्षबाईंनी माझ्या हातात कप दिला, दोन बिस्किटं बशीत ठेवली. 'जाऊ द्या हो, इडवलला आता कोण ओळखतंय?' असंही कुणीतरी मागून म्हणालं. फक्त टेगवेन उठली आणि कोट न घेताच बाहेर गेली.

मी तो चहा प्यायलो. बिस्किटंही खाल्ली. बरं वाटलं मला, हे तुला सांगायलाच हवं. पन्नास वर्षं ज्या क्षणाला घाबरलो तो असा निघाला, गोड, बिस्किटांचा. घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं की इडवल टोपी घेऊन उभा होता तेव्हा त्याला कुणी साधी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

मेरिग प्रिदेर्ख


कार्डिफ, २० जून

मास्तर,

टाळ्यांचं टेगवेननं त्याच दिवशी सांगितलं. फोनवर ती इतकी शिव्या देत होती की मला दोनदा 'हळू' म्हणावं लागलं.

त्या सभागृहात ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कुणीच नव्हतं. एक मेलंय, एक कार्डिफमध्ये आहे. तिसरी लानगेव्हनीला आहे. बस बदलावी लागते हे मला माहीत आहे.

आईला सांगा. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही, तो मान तुमचा. दुपारी दोननंतर ती बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी असते. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं, फक्त कान गेलेत, आणि यंत्र ती लावत नाही. तेव्हा मोठ्यानं सांगावं लागेल. खोलीत आणखी दहाबारा जण असतात. तिला बाजूला नेऊ नका.

ती टाळ्या वाजवणार नाही. बोटांना संधिवात आहे.

हेलेद


लानगविन, ७ जुलै

हेलेद,

काल जाऊन आलो.

तुझी आई खिडकीपाशीच होती, मांडीवर लोकरीची शाल. मी समोर खुर्ची ओढून बसलो. तिनं निरखून पाहिलं.

'कोण?'

'मेरिग. शाळेतला.'

'मास्तर!' ती म्हणाली. 'लठ्ठ झालात.'

मी म्हणालो, 'एलुनेद, शिळा इडवलनं धुतली नव्हती.'

'काय?'

पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, 'शिळी? चहा कधीच गरम नसतो इथं.' टीव्हीवर कसलीतरी शर्यत चालू होती. तिथल्या सेविकेला माझी दया आली असावी, तिनं आवाज बंद केला. म्हणजे खोलीत आता दुसरा आवाजच उरला नाही. मी श्वास घेतला आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात ओरडलो, 'ती शिळा इडवलनं नाही, मी खराब केली! आळ त्याच्यावर येऊ दिला! मी!'

सगळ्या माना वळल्या. विणकाम करणाऱ्या एका बाईच्या सुया थांबल्या.

एलुनेद म्हणाली, 'ते मला माहीत आहे.'

मला वाटलं तिनं काहीतरी भलतंच ऐकलं. पण ती सांगत राहिली, अगदी बाजारहाट सांगावा तसं. 'इडवल गुरुवारी जेवायला आला तेव्हाच म्हणाला. तुमच्या कोटाच्या बाहीला भोकं पडलेली बघितली होती त्यानं, जळल्यासारखी. मी म्हटलं, ऊठ, जा, पॅरींना सांग. सभेत तो थोडं बोलला. तुम्ही हसलात म्हणे. मग घरी येऊन गप्प बसला.'

मी विचारलं, 'पुढे कधी बोलला का नाही?' हेही ओरडूनच विचारावं लागलं.

ती म्हणाली, 'पोरीला अजून दोन वर्षं त्याच माणसाच्या वर्गात काढायचीत, म्हणाला. मी मास्तरांचं नाव घेतलं तर ते पोरीवर निघेल. मी म्हटलं, अरे पण पोरीला तुझी लाज वाटेल. म्हणाला, वाटू दे. बापाची लाज वाटली तरी पोर शिकते. मास्तरांची भीती बसली की शिकत नाही.'

मी पन्नास वर्षं समजत होतो की तुझं शिक्षण मी केलं. तू मला जे विश्वासानं लिहिलं होतंस, त्या टॉवेलाचं, ते मी तिच्यापाशी काढलं नाही. ते तू तिला सांगायचं तर सांग. मला वाटतं सांगावंस. त्यानं तुला त्याची लाज मुद्दाम वाटू दिली होती, हे तिला ठाऊक आहे.

मी उठायला लागलो. एलुनेदनं काठीनं माझी खुर्ची अडवली.

कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत एक अगदी वाळलेल्या बाई होत्या, कानामागे हात धरून. त्या सेविकेला विचारत होत्या, 'काय म्हणतोय तो? कोणी काय खराब केलं?' मी ओळखलं नव्हतं. त्या गोमर पॅरींच्या पत्नी. चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत. समितीनं तुम्हाला ज्या घरातून बाहेर काढलं, त्यात नंतर त्यांच्या भाच्याला ठेवलं होतं.

एलुनेद म्हणाली, 'बघा, तिला ऐकू आलं नाही. वर्षभर आम्ही समोरासमोर जेवतोय, आणि ती अजून माझ्या हातचं मीठ घेत नाही. ॲसिडवाल्याची बायको म्हणून. जा, तिला सांगा.'

मी म्हणालो, 'आता?'

'मग कधी? ती चौऱ्याण्णव वर्षांची आहे. आणि पहिल्यापासून सांगा. मध्येच सुरू केलंत तर तिला कळत नाही.'

मी माझी खुर्ची उचलली, खोली ओलांडून त्या बाईंजवळ नेऊन ठेवली, बसलो, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन त्र्याहत्तरच्या त्या बुधवारपासून सुरुवात केली.

मेरिग